इक्बालची खुदी आणि मुस्लिम स्त्री : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

मुहम्मद इक्बाल (१८७७–१९३८) यांच्या काव्याचा आणि चिंतनाचा कणा म्हणजे ‘खुदी’ ही कल्पना. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘असरार-ए-खुदी’ या फारसी काव्यात त्यांनी ती प्रथम सविस्तर मांडली. तोवर फारसी-उर्दू कवितेत खुदी म्हणजे अहंकार, सूफी साधकाने टाकून द्यायची गोष्ट. इक्बालने तिलाच माणसाच्या घडणीचे केंद्र केले. प्रत्येक जिवाला स्वतःचे असे एक केंद्र असते, ते विझवायचे नसून बळकट करायचे असते, आणि ईश्वराजवळ जाणे म्हणजे थेंबाने समुद्रात नाहीसे होणे नव्हे, असा हा विचार आहे. १९२० मध्ये निकल्सन यांनी या काव्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि इक्बालचे नाव युरोपात पोहोचले.

या विचाराची चौकट थोडक्यात अशी. खुदी जगते ती उद्दिष्टांवर. ज्याला काही हवेसे वाटत नाही, तो जिवंत असून नसल्यासारखा. ‘इश्क’ म्हणजे ध्येयावरची उत्कट निष्ठा तिला बळ देते, तर ‘सवाल’ म्हणजे दुसऱ्यापुढे हात पसरणे तिला दुबळे करते. तिच्या वाढीच्या तीन पायऱ्या आहेत : नियमाचे पालन, स्वतःवरचा ताबा आणि शेवटी ‘नियाबत-ए-इलाही’, म्हणजे पृथ्वीवर ईश्वराचा प्रतिनिधी म्हणून वागण्याची योग्यता. अमरत्वसुद्धा जन्मतः पदरात पडत नाही, ते कमवावे लागते. १९१८ च्या ‘रुमूज-ए-बेखुदी’त इक्बालने दुसरी बाजू मांडली : व्यक्तीची खुदी समाजात राहूनच आकाराला येते, एकाकीपणात ती सुकते.

मराठी वाचकाला हा सूर अनोळखी वाटण्याचे कारण नाही. ज्या १९१५ साली लाहोरहून ‘असरार-ए-खुदी’ निघाले, त्याच साली पुण्यात टिळकांचे ‘गीतारहस्य’ छापून आले. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण भांडण एकाच वृत्तीशी होते : संन्यासाला, निवृत्तीला आणि ‘मी’ पुसून टाकण्याला धर्माचे सार मानण्याच्या वृत्तीशी. ‘असरार’च्या पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत इक्बालने गीतेतल्या कर्मविचाराची प्रशंसा केली आणि शंकराचार्यांच्या व इब्न अरबीच्या अद्वैती मांडणीवर एकाच दमात टीका केली. फारसी कवी हाफिजवरची त्यांची टीका तर वाचकांना इतकी बोचली, की पुढच्या आवृत्तीतून तो भाग त्यांना गाळावा लागला.

प्रश्न असा, की ही खुदी कोणाची? काव्यातला ‘मर्द-ए-मोमिन’ हा आदर्श पुरुष नावापासूनच पुरुष आहे. त्याच्या झेपेसाठी शाहीन पक्षी, हातासाठी तलवार, पायाखाली डोंगर. स्त्री या चित्रात कुठे बसते, याचे उत्तर इक्बालच्या वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे मिळते, आणि ते एका सुरात बसवण्याची धडपड त्यांच्या चाहत्यांनीच जास्त केली आहे.

‘बांग-ए-दरा’ (१९२४) मध्ये फातिमा बिंत अब्दुल्ला या अरब मुलीवर कविता आहे. १९१२ मध्ये त्रिपोलीच्या लढाईत जखमी सैनिकांना पाणी पाजताना ती मारली गेली. इथे रणांगणावरच्या मुलीच्या धैर्याचे कौतुक निःसंकोच आहे. ‘रुमूज-ए-बेखुदी’त मात्र मुस्लिम स्त्रीपुढे ठेवलेला आदर्श पैगंबरकन्या फातिमांचा, आणि तोही प्रामुख्याने आई म्हणून. ‘जर्ब-ए-कलीम’ (१९३६) मध्ये ‘औरत’ नावाचा एक स्वतंत्र विभागच आहे. त्यातल्या एका कवितेत सृष्टीच्या चित्रातला रंग स्त्रीमुळे आहे असे म्हटले आहे. महिलादिनाच्या शुभेच्छापत्रांवर हा भाग आवडीने छापला जातो. पुढे त्याच कवितेत स्त्रीला प्लेटोसारखे ग्रंथ लिहिता आले नाहीत, पण प्लेटोची ठिणगी तिच्याच ज्वाळेतून पडली, असा आशय येतो. तो शुभेच्छापत्रांवर येत नाही. विभागातल्या दुसऱ्या एका कवितेनुसार स्त्रीत्वाचे रक्षण पडदा करत नाही, शिक्षणही करत नाही. ते फक्त पुरुष करतो. आणखी एका कवितेत स्त्रीचे स्त्रीपण हिरावून घेणाऱ्या शिक्षणाला मृत्यू म्हटले आहे. जो कवी पुरुषाला सांगतो की दुसऱ्याच्या आधाराने उभा राहू नकोस, तोच स्त्रीला आधाराचा पत्ता सांगतो. ही विसंगती लहानसहान नाही.

ती सर्वांत ठळक दिसते ‘जावेदनामा’त (१९३२). या फारसी महाकाव्यात कवी रूमीचा हात धरून ग्रहांची सफर करतो. मंगळावर त्याला एक तरुणी भेटते. ती स्वतःला प्रेषित म्हणवते आणि पुरुषांचे राज्य झुगारा, मातृत्वाच्या ओझ्यातून विज्ञानाच्या बळावर सुटा, असे स्त्रियांना सांगते. काव्याचा कल स्पष्ट आहे : ही खोटी प्रेषिता, युरोपातून सैतानाने पळवून आणलेली, नव्या पश्चिमी स्त्रीचे विडंबन. पण त्याच सफरीत गुरूच्या कक्षेत तीन आत्मे भेटतात : हल्लाज, गालिब आणि कुर्रतुल ऐन ताहिरा. ताहिरा ही इराणातली बाबी पंथाची विदुषी आणि कवयित्री. १८४८ मध्ये बदश्तच्या मेळाव्यात तिने सर्वांसमोर बुरखा दूर केल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे, आणि १८५२ मध्ये तिला ठार करण्यात आले. सनातनी दृष्टीने ती धर्मबाह्यच होती. इक्बालने तिला सूळ पत्करणाऱ्या हल्लाजच्या पंक्तीला बसवले आहे. हे तिघेही स्वर्गात स्थिर व्हायला नकार देऊन सतत भटकणे पसंत करतात, आणि खुदीच्या तत्त्वज्ञानात याहून मोठा सन्मान नाही. पुढे स्वर्गात लाहोरच्या शरफुन्निसाचा महाल लागतो. १८ व्या शतकातल्या पंजाबच्या सुभेदार घराण्यातल्या या स्त्रीने कुराण आणि तलवार आपल्या कबरीजवळ ठेवावी अशी इच्छा सांगितली होती. म्हणजे एकाच पुस्तकात बंड करणारी स्त्री एका ग्रहावर थट्टेचा विषय आहे, तर दुसऱ्यावर पूजेचा. इक्बालचा स्त्रीविचार म्हणून फक्त मंगळ किंवा फक्त गुरू दाखवणारे लेख उर्दूत भरपूर आहेत. दोन्ही अपुरे.

कवीच्या आयुष्यातही हीच ओढाताण होती, आणि तिचा एक धागा थेट कोकणात येतो. अतिया फैजी (१८७७–१९६७) ही मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातली मुलगी. तिची बहीण नाजली ही जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम. अतिया १९०६ मध्ये अध्यापनाचे शिक्षण घ्यायला लंडनला गेली आणि तिथली तिची रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापली जाई. १९०७ मध्ये लंडनमध्ये तिची आणि इक्बालची ओळख झाली, पुढे हायडेलबर्गमध्येही भेटी झाल्या. तत्त्वज्ञानावर बरोबरीने वाद घालणारी, बुरख्याशिवाय वावरणारी, स्वतःचे मत बेधडक सांगणारी ही बाई इक्बालला बौद्धिक सोबती म्हणून हवी होती. १९०९ च्या पत्रांत त्यांनी विद्यार्थिदशेत झालेल्या आपल्या लग्नाविषयीचा कोंडमारा तिच्यापुढे उघड केला. आपल्या इच्छेविरुद्ध लग्न लावून दिल्याची तक्रार त्यात आहे. मन मारून संसार करण्याचा अन्याय त्यांना स्वतःच्या बाबतीत नेमका कळला होता. त्या घरातल्या पत्नीचा कोंडमारा मात्र कोणत्याच पत्रात नाही. अतियाने ही पत्रे १९४७ मध्ये पुस्तकरूपाने छापली म्हणून हा सगळा भाग आज माहीत आहे. उतारवयात धाकट्या मुलीच्या, मुनीराच्या, संगोपनासाठी इक्बालने अलीगढहून एक जर्मन बाई आणून घरात ठेवली, हेही त्यांच्या शिक्षणविषयक कवितांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

कवितेपेक्षा इक्बालचे गद्य स्त्रियांना अधिक उपयोगी पडणारे आहे. मद्रास, हैदराबाद आणि अलीगढ इथे दिलेली त्यांची व्याख्याने १९३० मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांतले सहावे व्याख्यान ‘इज्तिहाद’वर, म्हणजे धर्मशास्त्राचा नव्याने अर्थ लावण्याच्या अधिकारावर आहे. इस्लामच्या रचनेतले गतीचे तत्त्व हेच, आणि ते शतकानुशतके गोठून पडले, अशी त्यांची तक्रार आहे. उदाहरण त्यांनी स्त्रियांचेच घेतले. पंजाबात नको असलेल्या नवऱ्यापासून सुटका मिळवण्यासाठी काही मुस्लिम स्त्रियांना धर्म सोडावा लागला होता; हनफी मताप्रमाणे दुसरी वाट जवळजवळ नव्हतीच. जो कायदा स्त्रीला धर्माबाहेर ढकलतो तो धर्माचे रक्षण कसे करतो, हा त्यांचा सवाल होता. १९३९ मध्ये, म्हणजे इक्बालच्या मृत्यूनंतर एका वर्षात, मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा झाला. चार वर्षे बेपत्ता नवरा, दोन वर्षे पोटगी न देणे, क्रूर वागणूक अशा कारणांवर स्त्रीला न्यायालयातून घटस्फोट मिळू लागला, आणि केवळ धर्मत्यागाने विवाह आपोआप मोडत नाही हेही ठरले. हा कायदा एकट्या इक्बालमुळे झाला असे नाही. देवबंदी उलेमांनीही मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली होती. पण खुदी हे काव्यातले तत्त्व कायद्याच्या कलमापर्यंत कसे पोहोचू शकते, याचा हा नमुना आहे.

त्याच व्याख्यानात इक्बाल थांबतात ती जागाही नोंदवायला हवी. तुर्की कवी झिया गोकाल्पने घटस्फोट, विभक्त राहणे आणि वारसा या तिन्हींत स्त्री-पुरुष समानता मागितली होती. इक्बालचे उत्तर असे, की इस्लाममध्ये विवाह हा करार असल्याने वधूला लग्नाच्या वेळीच तलाकचा अधिकार स्वतःकडे मागून घेता येतो. आणि मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असला तरी मेहर व पोटगी धरली तर अन्याय होत नाही. पहिला मुद्दा आजही कामाचा आहे. दुसरा कागदावरचा हिशेब आहे. त्याची गाठ पुढे यवतमाळच्या सातबाऱ्याशी पडते.

नंतरच्या काळात मुस्लिम स्त्री अभ्यासकांनी खुदीचा हा धागा पुढे नेला. पाकिस्तानात जन्मलेल्या रिफ्फत हसन यांनी डरहॅम विद्यापीठात इक्बालवर संशोधन केले आणि पुढे कुराणाच्या स्त्रीवादी वाचनाकडे वळल्या. आमिना वदूद यांच्या ‘कुराण अँड वूमन’ (१९९२) या पुस्तकात प्रत्येक माणूस, स्त्री असो की पुरुष, पृथ्वीवर ईश्वराचा खलीफा आहे, या कल्पनेवर भर आहे. इक्बालच्या ‘नियाबत-ए-इलाही’ची ही जवळची नातलग. फरक इतकाच की वदूद यांच्या मांडणीत ती पायरी चढायला मर्द असावे लागत नाही. ईश्वराने थेट प्रतिनिधी नेमलेल्या व्यक्तीला मधल्या कुठल्या पालकाच्या परवानगीची गरज काय, हा प्रश्न एकदा विचारला की खुदीचे तत्त्वज्ञान तिच्या कर्त्याच्या हातून सुटते. मुंबईत असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) यांनी अशाच वाचनातून स्त्रियांच्या हक्कांची बाजू लावून धरली.

महाराष्ट्रात मुस्लिम स्त्रियांची चळवळ मात्र इक्बालच्या बोटाला धरून उभी राहिली नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. या प्रवाहाची प्रेरणा फुले, राज्यघटना आणि बुद्धिवाद. इक्बालचे काव्य त्याला जवळचे वाटण्यासारखे नव्हते. १९८२ मध्ये जळगावात मुस्लिम स्त्रियांच्या सिनेमा पाहण्यावर घातलेल्या बंदीविरुद्ध रझिया पटेल उभ्या राहिल्या, त्यांचे ‘चाहूल’ हे आत्मकथन मराठीत आहे. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ही मराठीतच. इच्छा, ध्येय आणि नकार यांतून घडणारे ‘मी’पण शोधायचे तर ते या पुस्तकांत सापडते, खुदी हा शब्द न वापरता. २००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने तिसरी वाट घेतली, कुराण आणि राज्यघटना दोन्ही हातात धरून. हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यापर्यंत स्त्रियांना जाऊ द्यावे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट २०१६ मध्ये लागला तो याच संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या याचिकेवर. इज्तिहादचा अधिकार उलेमांकडे न ठेवता स्त्रियांनी स्वतःकडे घेतला, असे याचे वर्णन करता येईल. त्यात इक्बालच्या तत्त्वाशी सुसंगत काही असेल तर ते हे.

यवतमाळ जिल्ह्यात या सगळ्याला वेगळे रूप येते. हा वऱ्हाडचा भाग. इमादशाही, मोगल आणि निजाम अशी राजवट बदलत गेली, १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे आला, आणि जिल्ह्याचे जुने ‘वणी’ हे नाव १९०५ मध्ये बदलून यवतमाळ झाले. यवतमाळ शहराबरोबर पुसद, दिग्रस, उमरखेड, दारव्हा, आर्णी अशा गावांत मुस्लिम वस्ती जुनी आहे. घरातली बोली दखनीच्या वळणाची, वऱ्हाडीत मिसळलेली. बाजारात आणि शेतात मराठी. इक्बालची उर्दू फारसीने इतकी जड आहे की ती या घरांतल्या बहुतेक स्त्रियांच्या कानावरून जाते, आणि ‘असरार-ए-खुदी’ तर मुळात फारसीतच आहे.

तरीही इक्बाल या मुलींना माहीत असतात. उर्दू शाळांच्या प्रार्थनेत म्हटली जाणारी ‘बच्चे की दुआ’ त्यांची. १९०४ चे ‘तराना-ए-हिन्दी’ त्यांचेच. ९ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस उर्दू दिन म्हणून पाळला जातो. पण या ओळखीत खुदी क्वचितच येते. आली तर भाषणाच्या शेवटी टाळ्यांसाठी आलेला एखादा शेर, आणि तोही मुलांना उद्देशून : उठा, उंच उडा. मुलींच्या वाट्याला त्याच कार्यक्रमात आईच्या महतीची कविता येते. शिक्षकांनी ठरवले तर हे एका वर्षात बदलता येईल इतके सोपे आहे.

खुदीचा पहिला आधार उद्दिष्ट. मुलीला काय व्हायचे आहे, हा प्रश्न शाळेच्या रचनेत अडतो. उर्दू माध्यमाची प्राथमिक शाळा गावात असते. पुढच्या वर्गांसाठी तालुक्याला जावे लागते, नाहीतर मराठी माध्यमात. माध्यम बदलताना पडणारी दरी, रोजचा एसटीचा प्रवास आणि ‘लोग क्या कहेंगे’ ही तीन कारणे एकत्र आली की दहावीच्या आतच मुलगी घरी बसते. यांतले प्रवासाचे कारण हळूहळू हलके होत आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून राज्यात स्त्रियांना एसटीचे निम्मेच तिकीट पडते. हे आत्मभानाचे प्रश्न नाहीत, तिकिटाचे आहेत, असे वाटू शकते. पण ज्या तत्त्वज्ञानात इच्छा हाच जीवाचा प्राण आहे, त्यात अकरावीला विज्ञान शाखा घेण्याची इच्छा बसस्टँडवर मरते की जगते हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न ठरतो.

दुसरा मुद्दा ‘सवाल’चा, आणि इथे खुदी सर्वांत धारदार होते. दुसऱ्यापुढे हात पसरल्याने आत्मा दुबळा होतो, हे इक्बालचे म्हणणे गरीब बाईच्या तोंडावर फेकायला फार सोयीचे आहे. ते तसे वापरलेही जाते : बचतगटाचे कर्ज नको, सरकारी पैसा नको, घरातला पुरुष देईल ते घे. उलट खरा ‘सवाल’ तोच आहे, रोजच्या भाजीसाठी नवऱ्यापुढे पसरलेला हात. महिला आर्थिक विकास महामंडळाचे (१९७५) आणि ‘उमेद’ अभियानाचे बचतगट, स्वतःच्या नावाचे बँक खाते, २०२४ पासून त्या खात्यात येणारे ‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये, यांना भीक म्हणणे चूक आहे. हक्काने मिळणाऱ्या गोष्टीला इक्बालच्या अर्थाने सवाल म्हणता येत नाही. योजनेचा राजकीय हेतू काय, हा वेगळा वाद. कापूस वेचणीची मजुरी, शिवणकाम, अंगणवाडीतले मानधन अशा कमाईतून जे थोडे मोकळेपण येते ते या जिल्ह्यात सर्वच धर्मांच्या स्त्रियांनी अनुभवले आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवेने केले, तेव्हा शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बाईचा स्वतःचा आवाज मराठी साहित्याच्या मंचावर आला. खुदीची गरज एका धर्माच्या स्त्रियांपुरती नाही, हे इथे सांगावेसे वाटते.

तिसरा मुद्दा जमिनीचा. इक्बालने मुलीच्या निम्म्या वाट्याचे समर्थन केले, पण व्यवहारात तो निम्माही हाती येत नाही. १९३७ च्या शरीअत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली होती, आणि जिथे मुस्लिम वारसाहक्क मानला जातो तिथेही बाप वारल्यावर तलाठ्याकडे फेरफार होताना बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत सर्व समाजांत रुजलेली आहे. वऱ्हाडातला काळ्या जमिनीचा तुकडा भावाच्या नावावर राहतो. बहिणीला माहेर राहते, म्हणजे ईदेला लुगडे-बांगड्या आणि आजारपणात आधार. सही न करणारी बहीण लोभी ठरते. कुराणाने स्पष्ट आकड्यांत ठरवून दिलेला वाटा सोडून देणे हे धार्मिक औदार्य कसे, हा प्रश्न कोणी मौलवी शुक्रवारच्या भाषणात विचारत असेल तर तो विरळा. खुदीचे तत्त्वज्ञान कुठे कामाला लावायचे असेल तर या सहीच्या जागेवर.

चौथा मुद्दा निकाहनाम्याचा. लग्नाच्या करारातच वधूने तलाकचा अधिकार मागून घ्यावा, ही इक्बालने सांगितलेली तरतूद शास्त्रात जुनी आहे आणि व्यवहारात जवळजवळ अदृश्य. निकाहाच्या वेळी मुलीकडून ‘कुबूल’ ऐकण्यापुरता तिचा आवाज लागतो. अटी ठरतात त्या मंडपाबाहेर, वडीलधाऱ्यांत. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ मध्ये नमुना निकाहनामा काढला आणि भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने आपला वेगळा. कागद उपलब्ध आहेत, ते भरण्याआधी वाचायला मुलीच्या हातात मिळणे ही अडचण. दरम्यान कायदा पुढे गेला. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने औरंगाबादेत दगडू पठाण प्रकरणात, तलाक दिला एवढे म्हणून भागत नाही, कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो, असे ठरवले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला, आणि जुलै २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते हे पुन्हा स्पष्ट झाले. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार, हा २०१९ च्या कायद्यावरचा आक्षेप मुस्लिम स्त्री संघटनांतही आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

पंचायत आणि नगरपालिकांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या (२०११) तेव्हापासून मुस्लिम स्त्रियाही सदस्य म्हणून निवडून येतात. सभेत त्यांच्या वतीने बोलणारा नवरा किंवा दीर हा प्रकार ग्रामीण महाराष्ट्राला नवा नाही. पण एक कार्यकाळ संपेपर्यंत काही जणी ठराव वाचायला, अभियंत्याला जाब विचारायला शिकतात, तेव्हा खुदीची दुसरी पायरी, स्वतःवरचा ताबा, व्यवहारात दिसते.

इक्बालला हाताशी घेण्यात जोखीमही आहे. १९३० च्या अलाहाबाद भाषणामुळे पाकिस्तानच्या कल्पनेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. मे २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्या परिषदेने राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातून त्यांना वगळण्याचा ठराव केला. यवतमाळच्या एखाद्या शाळेत मुलीने इक्बालवर भाषण केले तर ते कोणाच्या कानावर कसे पडेल, याची धास्ती तिच्या घरच्यांना वाटली तर ती निराधार म्हणता येणार नाही. दुसरी जोखीम ‘बेखुदी’ची. समाजासाठी व्यक्तीने स्वतःला वाहून घ्यावे, हे तत्त्व स्त्रीच्या बाबतीत फार पटकन खानदानाच्या आणि कौमेच्या इज्जतीत रूपांतरित होते. दंगलीच्या किंवा तणावाच्या काळात तर समाजाची बंदिस्त भिंत आणखी उंच होते आणि तिच्या आत मुलीचे बाहेर पडणेच आधी थांबते. खुदी आणि बेखुदी या दोन पुस्तकांपैकी मुलीला आधी दुसरेच शिकवले गेले, तर पहिले कधीच वाचून होत नाही.

राहते ते भाषेचे काम. मुस्लिम मराठी साहित्य संमेलने १९९० पासून, सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून भरत आहेत, आणि माध्यम बदलून मराठीत शिकणाऱ्या मुलींची पिढी वाचकवर्ग म्हणून तयार आहे. तिच्यासाठी इक्बालचे निवडक मराठी रूप करायचे झाले, तर ‘असरार’मधले उद्दिष्टांचे आणि सवालाचे प्रकरण, इज्तिहादवरचे सहावे व्याख्यान, आणि ‘जावेदनामा’तले मंगळ व गुरू हे दोन्ही प्रसंग एकत्र यायला हवेत. सोबत ‘औरत’ विभागही पूर्ण द्यावा, काटछाट न करता. सोळा-सतरा वर्षांची मुलगी त्यात स्वतःशी भांडणारा कवी ओळखू शकते, आणि त्याने कुठे माघार घेतली तेही तिला दिसेल.